जॉबची फिनिश : आधी फीड पाहा

आम्ही कापडवाले; पोत बोटांनी ओळखतो. लेथचा जॉबही खरेदीदार तसाच पारखतो. पुंडलिकनगरच्या एखाद्या कारागीर बंधूचा माल वाळूजहून खरबरीत म्हणून परत आला, तर मजुरी आणि लोखंड दोन्ही बुडतात.

सीएनसी लेथवर इन्सर्टच्या रेघांची खोली साधारण अशी निघते : फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची आठपट. रेडियस ०.४ मि.मी. आणि फीड ०.२ असेल तर साडेबारा मायक्रॉन, फीड ०.१ केल्यास सुमारे ३. वेळ मात्र दुप्पट लागतो, म्हणून फक्त शेवटच्या कटला फीड कमी करावा. रेडियस ०.८ घेतल्यास खोली निम्मी होते, पण लांब, बारीक जॉब थरथरतो.

पॉलिश पेपरने रेघा झाकू नयेत, माप घटते. माप ही अमानत आहे.