खाऱ्या वाऱ्यावर विमान



शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी पाठ केले होते : दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. दोन मार्क मिळाले की विषय संपला. त्याच खाऱ्या वाऱ्यावर सत्तरीनंतर विमान उडवायला शिकू, असे आमच्या स्वप्नातही नव्हते.

आम्ही म्हणजे चार निवृत्त माणसे. दर शुक्रवारी सकाळी इथल्या एका क्लबबरोबर नेतान्याच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या कड्यावर जातो. आमच्या विमानाला इंजिन नाही. हिब्रूत त्याला दाओन म्हणतात. पंख टोकापासून टोकापर्यंत 2 मीटर, अंग लवचिक फोमचे, वजन एक किलोच्या आत. हाताने वाऱ्याच्या तोंडावर फेकायचे आणि रिमोटने वळवायचे.

मग ते खाली का पडत नाही? खरे तर ते सतत खालीच येत असते, पण हळूहळू. समुद्रावरून आलेला वारा 30-40 मीटरच्या कुरकारच्या कड्यावर आपटतो आणि पुढे वाट नाही म्हणून वर चढतो. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर एखादा माणूस सावकाश खाली उतरू लागला तरी जिना त्याला वरच नेतो, तसेच हे. मात्र ही वर जाणारी हवा कड्याच्या समुद्राकडच्या बाजूलाच असते. कडा ओलांडून मागे गेले की नदीतल्या खडकामागे पाणी घुसळते तशी हवा घुसळते, आणि तिथे विमान सापडले की भल्याभल्यांचे काही चालत नाही.

शिकताना सगळ्यात अवघड गेले ते उजवे-डावे. विमान आपल्यापासून दूर जात असते तेव्हा स्टिक उजवीकडे केली की ते उजवीकडे वळते. तेच आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की सगळे उलटे दिसते. चाळीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून वर्गाला उजवे-डावे शिकवलेली आमची डोकी पहिला महिनाभर बधिर झाली होती. आमच्या मद्रीखने, म्हणजे शिकवणाऱ्या मुलाने, एक युक्ती सांगितली : समोरून येत असेल तर जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक ढकला. विमान सरळ होते. आजही आम्ही हे पुटपुटतच उडवतो.

दुसरी खोड म्हणजे घाबरलो की स्टिक मागे ओढायची. नाक वर होते, वेग जातो आणि विमान दगडासारखे खाली येते. तेव्हा तो ओरडतो, "अझोव!" म्हणजे सोड. विमानाचे पंख टोकाकडे किंचित वर उचललेले असतात, त्यामुळे हात काढला आणि खाली पुरेशी उंची असली की ते आपले आपण सावरते. लहानपणी संक्रांतीला गच्चीवर "ढील दे, ढील दे" ऐकले होते, त्याचीच आठवण झाली. फरक एवढाच, की पतंग मांज्यातून बोटाला सगळे कळवतो. इथे हाताला काहीच कळत नाही, सारी भिस्त डोळ्यांवर.

आणि डोळ्यांनीच घोटाळा केला. आमच्यापैकी एकाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता. त्यांनी तो आमच्यापासून लपवला. एका शुक्रवारी त्यांचे विमान कड्यामागे गेले. ते अजून पुढेच आहे असे समजून ते स्टिक ओढत राहिले. विमान पायवाटेवर आपटले, एका बाबागाडीपासून चार पावलांवर. कोणाला लागले नाही. त्या आईने काही न बोलता गाडी वळवली, ते आम्हाला शिव्यांपेक्षा जास्त लागले. परतताना गाडीत कोणी बोलेना. हे म्हातारपणीचे खूळ बंद करावे, असे आम्हा दोघांचे तर ठरल्यातच जमा होते.

पण आता क्लबमध्ये आमच्यासाठी दोन नियम आहेत. एक, दोन रिमोट जोडून उडवायचे. मद्रीखने बटण सोडले की ताबा त्याच्याकडे जातो. दुसरा, उडवणाऱ्याच्या शेजारी एक माणूस फक्त बघायला उभा हवा. तो पायवाट, इतर विमाने आणि कड्याची रेघ पाहतो व मोठ्याने सांगतो. हे काम त्या आमच्या मित्राने मागून घेतले. ते तरुणपणी मुंबईत बसकंडक्टर होते, त्यामुळे आवाजाची ददात नाही. पायवाटेवरची माणसे त्यांना उजव्या डोळ्याने बरोबर दिसतात. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्टिकला हात लावणार नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले.

कोणाला यायचे असल्यास दहानंतर यावे, त्याआधी वारा नीट धरत नाही. टोपी, पाणी आणि घडीची खुर्ची आणावी. शब्बाथच्या तयारीसाठी आम्ही एक वाजता निघतो.