रेंज पाड्याची, हिशेब सर्कलचा

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात रेंज का नाही, असे विचारले की बोट डोंगरदऱ्यांकडे दाखवले जाते. डोंगर आहेतच, पण खरा अडसर आहे तो सरकारच्या मोजमापात. १९९४ च्या धोरणाने दूरसंचार क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, १९९७ मध्ये ‘ट्राय’ ही नियामक संस्था आली, आणि मोबाइलचे परवाने सर्कलनुसार, म्हणजे ठरवून दिलेल्या मोठ्या सेवाक्षेत्रांनुसार दिले गेले. मुंबई वेगळी, उरलेला महाराष्ट्र गोव्यासह एका सर्कलमध्ये. परवान्याची अट काय, तर तीन वर्षांत निम्म्या जिल्हा मुख्यालयांत सेवा द्या. मुख्यालयाऐवजी दुसरे शहर घेतले तरी चालेल. त्यात तालुक्यालाच जागा नव्हती, मग पाड्याला कोण विचारतो? सेवेचा दर्जाही वर्षानुवर्षे सर्कलच्या सरासरीवर जोखला गेला. पुण्या-नाशिकच्या कोट्यवधी कॉलमध्ये मोखाड्याची रड विरून जाते. शिवाय मध्येच तुटलेला कॉल मोजता येतो; जिथे रेंजच नाही तिथला न लागलेला कॉल कुठल्याच आकड्यात येत नाही.

२०२२ मध्ये केंद्राने सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची फोर-जी योजना मंजूर केली. पाऊल मोठे आहे, पण एकक पुन्हा ‘गाव’च. इथले महसुली गाव म्हणजे टेकड्यांआड विखुरलेले अनेक पाडे. गावठाणात रेंज आली की गाव यादीतून सुटते, पलीकडचा पाडा तसाच राहतो. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लावून उभ्या असलेल्या बाईला तांदूळ मिळणे नेटवर्कवर अवलंबून ठेवायचे, आणि ते नेटवर्क पोचवण्याचे बंधन मात्र कुणावर नेमके ठेवायचे नाही, हा सरळ अन्याय आहे.

कंपन्या म्हणतील, इथे मनोरा परवडत नाही. मान्य, त्यासाठीच तर २००२ पासून त्यांच्या महसुलातून ५ टक्के सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतले जातात. २०२३ च्या कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नवे नाव दिले. तोट्याची भरपाई करणे हेच त्या निधीचे काम. दुसरा आक्षेप जंगलाचा. पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने दूरसंचार वाहिन्यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. स्पर्धेने डेटा स्वस्त झाला, हेही खरे. पण सिग्नलच नसेल तर स्वस्ताई काय कामाची?

‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना रेंजचे नकाशे जाहीर करणे भाग पाडले, ही चांगली सुधारणा आहे. मात्र नकाशा कंपनीचाच असतो. तो खोडून काढण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला पाहिजे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू आहे. तेव्हा इथल्या ग्रामसभांनी पाडावार रेंज तपासून तसे ठराव करावेत, आणि पाड्यात फोन लागल्याची नोंद ग्रामसभेने दिल्याशिवाय निधीतला शेवटचा हप्ता कंपनीला मिळू नये.