चोरीला गेलेली गाडी आणि मालकाचा हक्क

मोटारगाडी चोरीला गेली की मालकापुढे कायद्याच्या दोन स्वतंत्र वाटा खुल्या होतात. पहिली वाट फौजदारी आहे. तिच्यात चोर आणि शासन हे समोरासमोरचे पक्ष असतात, तपास पोलीस करतात, खटला सरकार चालवते आणि मालक फिर्यादी व साक्षीदार एवढ्याच भूमिकेत उरतो. दुसरी वाट कराराची आहे. विम्याची पॉलिसी हा मालक आणि विमा कंपनी यांच्यातील करार असल्यामुळे चोर सापडो वा न सापडो, ठरलेली रक्कम देणे कंपनीवर बंधनकारक असते. मालकाच्या हाती पैसे येतात ते बहुधा या दुसऱ्या वाटेने. पण तिच्यावर लागणारे महत्त्वाचे कागद पहिल्या वाटेवर तयार होतात, आणि म्हणूनच पोलीस ठाण्यातील नोंदीबाबत सुरुवातीच्या दोन-चार दिवसांत झालेली हयगय पुढे भरपाईच्या हक्काला भोवते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून साध्या चोरीचा गुन्हा आता तिच्या कलम ३०३ खाली नोंदला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. टोळीने सातत्याने चालवलेल्या वाहनचोरीचा समावेश मात्र कलम १११ मधील संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत नावानिशी करण्यात आला असून तेथे शिक्षा बरीच कडक आहे. मोटारीची चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास सुरू करता येतो, आणि अशा गुन्ह्याची खबर मिळाल्यावर प्रथम खबर अहवाल, म्हणजेच एफआयआर, नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये दिला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे चोरी कोणत्याही हद्दीत झालेली असली तरी खबर घ्यावीच लागते. हद्दीबाहेरची खबर शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला विनाशुल्क मिळते.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी आधी दोन दिवस शोधाशोध करण्याचा सल्ला देऊन केवळ तक्रार अर्ज ठेवून घेतला जातो आणि त्यावर पोच म्हणून शिक्का मारून दिला जातो. हा शिक्का म्हणजे एफआयआर नव्हे. त्याने तपास सुरू होत नाही, विमा कंपनी तो ग्राह्य धरत नाही, आणि पुढे एफआयआर नोंदला गेला तरी त्याच्यावरची तारीख उशिराचीच पडते. ठाण्यात नकार मिळाल्यास खबरीचा मजकूर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या क्षेत्रात तेथील वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे, पाठवता येतो, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो. हा मार्ग सामान्य माणसाला लांबचा वाटतो, पण टपालाची पावती हाती असणे हाच पुढे उशिराच्या आरोपाला उत्तर देणारा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. एफआयआरमध्ये नोंदणी क्रमांकाबरोबर चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक असणे अगत्याचे आहे, कारण चोरीच्या गाडीची नंबरप्लेट सर्वांत आधी बदलली जाते. त्याच वेळी विमा कंपनीला, कर्ज असेल तर बँकेला आणि नोंदणी करणाऱ्या आरटीओला लेखी कळवावे लागते. चोरीच्या गाडीचे हस्तांतर तिसऱ्याच्या नावे होऊ नये हा आरटीओला कळवण्यामागचा हेतू असतो.

विम्याच्या बाबतीत पहिला प्रश्न पॉलिसीच्या प्रकाराचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने सक्तीचा केलेला विमा केवळ तृतीय पक्षासाठी असतो, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याच्या जिवाला वा मालमत्तेला झालेल्या हानीपुरता. स्वतःच्या गाडीची चोरी त्यात येत नाही. ती येते सर्वसमावेशक पॉलिसीत किंवा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी वेगळ्याने घेतलेल्या पॉलिसीत. जुन्या गाडीचा हप्ता वाचवण्यासाठी फक्त सक्तीचा विमा ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि चोरी झाल्यावर त्यांच्यापुढे ही दुसरी वाट बंद झालेली असते.

पॉलिसीवर आयडीव्ही या नावाने छापलेली रक्कम हीच चोरीच्या दाव्यातील कमाल भरपाई. आयडीव्ही म्हणजे पॉलिसी सुरू होताना मालक आणि कंपनी यांनी मान्य केलेले गाडीचे मूल्य. ते उत्पादकाच्या तत्कालीन विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून काढले जाते. प्रचलित कोष्टकानुसार पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के, चार वर्षांपर्यंत ४० टक्के आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरतात. १० लाख रुपये विक्री किमतीची, तीन वर्षे पूर्ण झालेली गाडी पॉलिसीच्या कागदावर ६ लाखांची असते, आणि त्यातूनही इंजिनाच्या क्षमतेनुसार १,००० किंवा २,००० रुपयांची सक्तीची वजावट होते. पॉलिसीच्या वर्षात मात्र हे मूल्य स्थिर राहते, त्यामुळे चोरी अकराव्या महिन्यात झाली म्हणून आणखी घसारा कापण्याचा अधिकार कंपनीला नाही. कर्जाऊ गाडीची भरपाई प्रथम बँकेच्या खात्यात जमा होते, आणि कर्जाची शिल्लक आयडीव्हीहून अधिक असेल तर उरलेली रक्कम गाडी नसलेल्या मालकालाच भरावी लागते. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही खाली आणून देणाऱ्या एजंटाचा सल्ला त्यामुळे फार महाग पडतो.

विमा कंपन्या दावे नाकारतात ते बहुतांशी पॉलिसीतील अटींच्या भंगाचे कारण पुढे करून, आणि या क्षेत्रातील न्यायनिर्णयांचा सारा इतिहास कोणत्या अटीचा चोरीशी खरा संबंध आहे या एका प्रश्नाभोवती फिरतो. उशिराचा मुद्दा पाहावा. मोटार पॉलिसीच्या पहिल्या अटीत घटनेची सूचना कंपनीला ताबडतोब द्यावी असे म्हटलेले असते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात, जेथे पोलिसांत फिर्याद वेळेवर होऊनही कंपनीला सुमारे चार महिन्यांनी कळवले गेले होते, दावा नाकारणे योग्य ठरवले. पुढे २०११ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने परिपत्रक काढून, केवळ उशीर झाला म्हणून खरे दावे यांत्रिकपणे नाकारू नयेत असे कंपन्यांना बजावले, आणि ऑक्टोबर २०१७ मधील एका ट्रकचोरीच्या निकालात न्यायालयानेही समाधानकारक खुलासा असेल तर उशीर आड येऊ नये अशी भूमिका घेतली. दोन निकालांतील या विसंगतीमुळे प्रश्न तीन न्यायाधीशांच्या पीठाकडे गेला आणि २४ जानेवारी २०२० रोजी गुरशिंदर सिंग खटल्यात त्याचे उत्तर मिळाले.

त्या प्रकरणातील ट्रॅक्टर ऑक्टोबर २०१० मध्ये चोरीला गेला, एफआयआर त्याच दिवशी झाला, पण कंपनीला कळवण्यास ५२ दिवस लागले. पीठाच्या वतीने निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी पहिल्या अटीची बारकाईने फोड केली. अपघातात नुकसान कंपनीच्या सर्वेक्षकाने पाहायचे असते, म्हणून तेथे कंपनीला तत्काळ सूचना हवी. चोरीत मात्र शोध घेण्याचे काम पोलिसांचे असते, आणि अटीच्या शेवटच्या भागात चोरीसाठी पोलिसांना तत्काळ कळवण्याचाच उल्लेख आहे. पोलिसांत फिर्याद ताबडतोब झाली असेल आणि दावा खरा असल्याचे दिसत असेल तर कंपनीला कळवण्यातील विलंब हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये, कंपनीला पाच महिन्यांहून अधिक उशिराने कळवलेल्या ट्रकच्या प्रकरणातही हेच तत्त्व लागू करण्यात आले. पोलिसांकडेच उशिरा गेलेल्या मालकाला या निकालांचा आधार मिळत नाही, हे मात्र विसरता येत नाही.

दुसरे वारंवार दिले जाणारे कारण निष्काळजीपणाचे असते. पॉलिसी मालकाकडून गाडीची वाजवी काळजी घेण्याची अपेक्षा करते, आणि दाव्याच्या वेळी दोन्ही किल्ल्या मागण्याचा प्रघात याच अपेक्षेतून आला आहे. एक किल्ली हरवलेली असेल तर ती हरवल्याची जुनी लेखी नोंद नसताना कंपनी संशयाने पाहते. चालक पत्ता विचारण्यासाठी ट्रकमधून उतरला, किल्ली आतच राहिली आणि तेवढ्यात ट्रक पळवला गेला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दावा सर्वस्वी फेटाळणे अमान्य केले आणि ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम केला. विमा व्यवहारात याला नॉन-स्टँडर्ड तडजोड म्हणतात, म्हणजे अटीचा काही भंग झालेला असला तरी तो मूलगामी नसेल तर पूर्ण नकाराऐवजी रकमेत कपात करून दावा मिटवणे. २००८ मध्येही, खासगी गाडी भाड्याने चालवली जात असताना प्रवासी म्हणून बसलेल्यांनी ती हिसकावून नेली होती, आणि वापराच्या अटीचा भंग चोरीच्या दाव्यात निर्णायक नाही असे ठरवून न्यायालयाने ७५ टक्के भरपाई मान्य केली होती.

याच्या उलट टोकाला सप्टेंबर २०२१ मधील निकाल आहे. नवी गाडी, तात्पुरत्या नोंदणीची मुदत नुकतीच संपलेली, कायम नोंदणी झालेली नाही, आणि अशा स्थितीत ती जोधपूरच्या अतिथिगृहाबाहेरून चोरीला गेलेली. नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणे हाच मुळात गुन्हा असल्याने हा अटीचा मूलभूत भंग आहे, असे म्हणून न्यायालयाने दावा पूर्णपणे नाकारला. नोंदणी नसल्यामुळे चोराला कोणतीही मदत झालेली नव्हती, आणि त्या अर्थी हा निकाल आधीच्या निकालांशी सहज जुळत नाही. तरीही तो आजचा कायदा आहे, आणि नवी गाडी घेऊन नोंदणी पूर्ण होण्याआधी लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी तो गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असताना चोरीला गेली तर आणखी एक जबाबदार पक्ष उभा राहतो. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये निक्षेपाची कल्पना आहे. विशिष्ट हेतूसाठी वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे निक्षेप, आणि सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी ती स्वीकारणाऱ्याने घेणे कायद्याला अपेक्षित असते. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात ऑगस्ट १९९८ मध्ये एका ग्राहकाने मारुती झेन गाडी व किल्ली हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे सोपवली आणि रात्री ती तिसऱ्यांनीच पळवली. विमा कंपनीने २ लाख ८० हजार रुपये ग्राहकाला दिले आणि मग त्याच्या हक्काच्या जागी उभे राहून हॉटेलवर दावा लावला. पार्किंगच्या चिठ्ठीवर गाडी मालकाच्या जबाबदारीवर असल्याचे छापलेले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की किल्ली स्वीकारल्यानंतर योग्य काळजी घेतल्याचे सिद्ध करण्याचा भार हॉटेलवर असतो आणि स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने झटकता येत नाही. मालकाने स्वतः गाडी लावून किल्ली जवळ ठेवली असेल तर ताबा सोपवलेला नसतो आणि हे तत्त्व तितक्या सरळपणे लागू होत नाही.

कंपनीने दावा नाकारला किंवा रक्कम अवाजवी कापली, तर प्रथम तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी लागते. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये महाराष्ट्रात मुंबई, पुणे व ठाणे येथे आहेत आणि त्यांच्याकडे ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी, कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत, शुल्क न भरता आणि वकिलावाचून मांडता येतात. दुसरा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील जिल्हा आयोगाचा. तेथे अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर ठरत नसून ग्राहकाने दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे विम्यात हप्त्यावर, ठरते, त्यामुळे मोटारचोरीच्या जवळपास सर्व तक्रारी जिल्हा आयोगातच दाखल होतात आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर शुल्क लागत नाही. तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. आयोग मूळ रकमेशिवाय व्याज, मनस्तापाची भरपाई आणि खर्चही देऊ शकतो.

या सर्व काळात फौजदारी वाट आपल्या गतीने चालत राहते. शोध लागला नाही तर महाराष्ट्रात पोलीस दंडाधिकाऱ्यापुढे अ समरी अहवाल ठेवतात, म्हणजे गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही. न्यायालयाने मंजूर केलेला हा अहवाल कंपन्या दावा मिटवण्यापूर्वी मागतात आणि दावे अनेक महिने त्याच्यासाठीच अडकतात. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवण्याचे बंधन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांवर घातले आहे. त्याचा आधार घेऊन लेखी विचारणा करणे हा अहवाल पुढे सरकवण्याचा रास्त उपाय आहे. आरोपी दोषी ठरल्यास न्यायालय याच संहितेच्या कलम ३९५ प्रमाणे भरपाईचा आदेश देऊ शकते, पण आरोपीची ऐपत पाहता त्यातून गाडीची किंमत क्वचितच निघते. आणि राज्यांच्या पीडित भरपाई योजना मुख्यतः शारीरिक इजा व मृत्यूसाठी आहेत.

गाडी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात येते, आणि ऊन-पावसात गंजत पडलेल्या गाड्यांचे ढीग पाहिल्यावर मालकाचे दुसऱ्यांदा होणारे नुकसान लक्षात येते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच, सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात, छायाचित्रे व पंचनामा करून आणि बंधपत्र घेऊन गाडी लवकर परत द्यावी, ती ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही, असे सांगितले होते. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने न्यायालयापुढे आलेल्या मुद्देमालाचे विवरण १४ दिवसांत करून त्यानंतर ३० दिवसांत ताब्याचा आदेश देण्याची मर्यादा घातली आहे. विमा कंपनीने भरपाई आधीच दिली असेल तर गाडीवरचा हक्क कंपनीकडे गेलेला असतो. दरम्यान ती गाडी बनावट कागदांवर कोणी प्रामाणिकपणे विकत घेतली असली तरी चोराला मालकी नसल्यामुळे त्याच्याकडून घेणाऱ्यालाही मालकी मिळत नाही आणि गाडी मूळ हक्कदाराकडे जाते. या फसलेल्या खरेदीदाराचाही विचार कलम ३९५ मध्ये आहे. चोर दोषी ठरून दंड वसूल झाला, तर त्या दंडातून त्याला भरपाई देण्याचा आदेश न्यायालय करू शकते.