सेन्सॉरची कात्री आणि आपले शब्द

सेन्सॉरचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती अश्लीलतेची. १९७२ साली परिनिरीक्षण मंडळाने 'सखाराम बाइंडर' अडविले, तेव्हाही वाद नीती-अनीतीभोवतीच फिरला. जातीचे वास्तव उच्चारले की कात्री कशी चालते, याचा विचार फारसा झालेला नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये 'फुले' या हिंदी चित्रपटावर काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले. प्रदर्शन ११ ऐवजी २५ तारखेला झाले. प्रमाणपत्र मिळाले 'यू', म्हणजे लहानथोर सर्वांनी पाहण्याजोगा. पण त्यासाठी 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द आणि मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढावा लागला. तीन हजार वर्षांची गुलामगिरी 'कित्येक वर्षांची' झाली.

वर्गवारी आणि कात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गवारी प्रेक्षकाला वयाची सूचना देते, कलाकृतीला हात लावत नाही. कात्री कलाकृतीच बदलते. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने दोन्ही अधिकार एकाच मंडळाला दिले. मंडळाने केवळ वर्गवारी करावी, असे श्याम बेनेगल समितीने २०१६ साली सुचविले. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग केले, कात्री मात्र तशीच ठेवली. दाद मागण्याचे न्यायाधिकरण तर २०२१ मध्येच रद्द झाले. आता निर्मात्याने थेट उच्च न्यायालय गाठायचे.

मी अष्टमीत राहतो, कुंडलिका ओलांडून रोह्याला शिकवायला जातो. वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, जातीचे नाव काढले तर बरेच ना? शिवी म्हणूनच ऐकत आलो." मी गप्प झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. ती शिवी मीही ऐकली आहे. पण शिवी म्हणून उच्चारलेला शब्द आणि साक्ष म्हणून उच्चारलेला शब्द एक नव्हे. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच मांग आणि महार हे दोन्ही शब्द आहेत. मंडळाच्या न्यायाने तिला पडद्यावर आपल्या निबंधाचे नावही घेता येणार नाही. अपमान टाळण्यासाठी केलेला नियम असा अपमान करणाऱ्यांच्याच कामी येतो.

त्याच १८५५ साली फुल्यांचे 'तृतीय रत्न' नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे, असे फुल्यांनीच नोंदविले आहे. तेव्हा त्यांचे नाटक अडले, १७० वर्षांनी त्यांच्यावरील चित्रपट अडला. म्हणून मागणी सरळ असावी: मंडळाने वय सांगावे, इतिहास आम्ही सांगू.