आजारपणाचा खाडा आणि कष्टाचा पैसा

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणात मला कावीळ झाली. एका खासगी शिकवणी वर्गात मी दुपारी दोन तास शिकवते. महिन्यातले १८ दिवस शिकवलं आणि अंथरूण धरलं. बरी होऊन पगार मागायला गेले, तर चालक म्हणाले, "मॅडम, महिना पुरा कुठे केलात?" मी मुकाट्याने घरी आले. पैसे मागायची आपल्याला लाज वाटते ना! "जाऊ दे" तर जिभेवरच असतं.

संध्याकाळी भांड्यांना येणाऱ्या मावशींना हे सांगितलं. त्या पूर्वी ऊसतोडीला जायच्या. म्हणाल्या, "ताई, आमच्यात खाडा झाला की मजुरी जातीच, वर दंड बी!"

आपल्या बीड जिल्ह्याचं हे जुनं दुखणं. नवराबायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत ताप असो, पाळी असो, राबायचं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी पाहणी झाली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. खाड्याची धास्ती हे त्यामागचं एक कारण होतं.

ते आठवलं आणि मी कागद पुढे ओढला. तुमच्यावर अशी वेळ आली, तर एवढं करा :

आजारातल्या दिवसांचा पगार रजेच्या नियमांवर अवलंबून असतो. पण केलेल्या कामाचा पैसा आजारामुळे बुडत नाही. म्हणून कामाचे दिवस तारखांसह लिहा, रक्कम मांडा, डॉक्टरांचा दाखला जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. देत नसतील, तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

तरीही दाद लागली नाही, तर कामगार कार्यालय गाठा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत थकलेल्या वेतनाच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. वकिलाच्या खर्चाला भिऊ नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही.

माझं काम अर्जावरच भागलं. पंधरा दिवसांत १८ दिवसांचे पैसे हाती आले.

घरी येऊन हिशेबाची वही उघडली आणि ओशाळले. आधीच्या महिन्यात मावशी तापाने पडल्या होत्या, तेव्हाचे चार खाडे मीच कापले होते! ते पैसे त्याच दिवशी त्यांच्या हातावर ठेवले.

तुम्हीही आपली वही एकदा उघडून पाहा.