द्वारकेहून एका रात्रीत

वर्धेच्या काठच्या आमच्या कौंडण्यपुरात शेंबड्या पोरालाही एक प्रवास पाठ असतो. रुक्मिणीचा निरोप पोचताच श्रीकृष्ण रथात बसला आणि एका रात्रीत विदर्भात येऊन थडकला, असे भागवत सांगते. दारुक सारथी आणि शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक हे चार घोडे.

एकदा मी नकाशा आणि पट्टी घेऊन बसलो. द्वारका ते कौंडण्यपूर सरळ रेषेत सुमारे ९५० किलोमीटर भरले. बारा तासांची रात्र धरली तर ताशी जवळजवळ ८० किलोमीटर! पण थांबा, वाचकहो! पूर्वेकडे निघालेल्याची रात्र आखडते. दोन्ही गावांच्या रेखांशांत नऊ अंशांहून थोडा अधिक फरक, आणि अंशामागे चार मिनिटे. म्हणजे द्वारकेपेक्षा आमच्याकडे सदतीसएक मिनिटे आधी उजाडते. देवालाही यात सूट नाही! आजचे जेट विमान हेच अंतर सव्वा तासात कापील.

हा हिशेब मला गमतीचा वाटे, तो २०१९च्या जानेवारीपर्यंत. त्या महिन्यात आई अंथरुणाला खिळली आणि तिने अमेरिकेतल्या नातीचा धोसरा घेतला. मी फोन केला. पोर त्याच संध्याकाळी न्यूअर्कहून निघाली. मुंबईपर्यंत साडेबारा हजार किलोमीटर. पण उंचावरचे पश्चिमेचे वारे पाठीशी, त्यामुळे पंधरा तासांत विमान उतरले.

आता आलीच, असे आम्ही म्हणालो. पण मुंबईत रात्र झालेली, अमरावतीची गाडी निघून गेलेली. रात्र स्टेशनावर काढून तिने पहाटेची गाडी धरली. दुपार कलल्यावर बडनेरा, तिथून मोटार, आणि घरी पोचली ती दिवेलागणीला. उरलेल्या ७०० किलोमीटरांना वीस तास! मी दर तासाला आईच्या नाकाशी हात धरून पाहत होतो. ते वीस तास मला कोणत्याही नकाशावर सापडले नसते.

आता अमरावतीजवळ बेलोऱ्याला विमानतळ झाला आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे पहिले प्रवासी विमान तिथे उतरले. सुरुवातीला विमाने आठवड्यातून तीनच दिवस होती. म्हणून सांगतो, मंडळी, कुणी दूरच्या गावाचे अंतर विचारले तर विमानाचे तास सांगून थांबू नका. वाटेत किती वेळ खोळंबावे लागते आणि गाडी कोणत्या वारी असते, तेही सांगा. माणूस वाट पाहतो तो उंबरठ्यावर, विमानतळावर नव्हे.

त्या संध्याकाळी आईने डोळे उघडले, नातीचा हात चाचपला आणि विचारले, "लय दूर हाये काय वं तुयं गाव?"

पोर म्हणाली, "नाही गं आजी. एका रात्रीची वाट."

आई त्यानंतर तीन दिवस होती.