उणे पंधरातली उबदार शाळा

लेहच्या पश्चिमेला, फे गावाजवळ सिंधूच्या काठी सेकमॉलची शाळा आहे. तिथल्या मुख्य इमारतीत बुखारी (लाकूड जाळायची शेगडी) नाही, हीटरही नाही. ऐन हिवाळ्यात बाहेर पारा उणे १५ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा आत साधारण १४-१५ अंश तापमान असतं. ही ऊब कुठून येते आणि रात्रभर कशी टिकते, हे पाहुण्यांना समजावून सांगतात ते विद्यार्थी. भोवताली खडक, रेती आणि उघडे डोंगर. वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर पाऊस, तोही बराचसा बर्फाच्या रूपात. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरांहून उंच असलेल्या या थंड वाळवंटात जिथवर हिमनदीचं पाणी पाटाने पोचतं, तिथवरच गाव आणि शेत.

‘स्टुडंट्स एज्युकेशनल अँड कल्चरल मूव्हमेंट ऑफ लडाख’, म्हणजेच सेकमॉल, ही संस्था १९८८ साली सोनम वांगचुक आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी सुरू केली. त्या काळी लडाखमधली दहावीला बसलेली सुमारे ९५ टक्के मुलं नापास होत. घरी लडाखी बोलणाऱ्या मुलाला प्राथमिक शाळेत उर्दूतून शिकावं लागे आणि नववीत एकाएकी इंग्रजी माध्यम समोर येई. पुस्तकांतली झाडं, प्राणी, ऋतू सगळे परमुलखातले. अशा परीक्षेत मूल नापास झालं, तर त्यात मुलाचा दोष किती? सेकमॉलने हा प्रश्न विचारला आणि १९९४ मध्ये सरकार व गावकऱ्यांना सोबत घेऊन ‘ऑपरेशन न्यू होप’ हाती घेतलं. गावोगावी शिक्षण समित्या झाल्या, शिक्षकांची प्रशिक्षणं झाली, लडाखी जगण्याशी नातं सांगणारी पुस्तकं आली. निकाल वर्षागणिक सुधारत गेला. तरी मागे राहणारी मुलं होतीच. फेचा परिसर उभा राहिला तो मुख्यतः त्यांच्यासाठी. दहावी नापास असणं हीच तिथल्या प्रवेशाची पात्रता होती!

मराठी वाचकाला इथे पुणे जिल्ह्यातलं पाबळ आठवेल. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली तिथल्या दुष्काळी माळावर विज्ञान आश्रम काढला, तोही शाळेबाहेर पडलेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवण्यासाठी. दोन्हीकडच्या हवामानात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण मुलावरचा विश्वास तोच.

फेची मुख्य इमारत म्हणजे या शाळेचं सर्वांत मोठं पाठ्यपुस्तक. साच्यात ओलसर माती थराथराने ठोकून तिच्या जाड भिंती उभ्या केल्या आहेत. उत्तरेची बाजू उतारात रुतलेली, दक्षिणेला मोठमोठ्या काचा. लेहच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो, त्यामुळे ऊन तिरपं होऊन थेट खोलीत शिरतं. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो आणि छताची सावली काचा झाकते. दिवसभर तापलेली माती रात्री ती उष्णता सावकाश सोडते. हिवाळा आला की दर्शनी बाजूला प्लास्टिकचा कागद ताणून हरितगृह केलं जातं. त्यात भाजी पिकते आणि तिथली उबदार हवा खोल्यांत सोडता येते. उन्हाळ्यात कागद काढून ठेवायचा. कागद एखाद्या ठिकाणी फाटका राहिला, तर त्या रात्रीची थंडी तो लावणाऱ्यांनाच सोसावी लागते. पृथ्वीचा कललेला आस, उष्णतेचं वहन, उष्णतारोधन हे विषय इतक्या नेमकेपणाने शिकवणारी प्रयोगशाळा क्वचितच सापडेल. २०१६ मध्ये मातीच्या वास्तूंसाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार या इमारतीला मिळाला.

परिसर चालवतात ती मुलंच. सौर पॅनेल, गाई, भाजीचा मळा, स्वयंपाकघर, हिशेब अशा जबाबदाऱ्या वाटलेल्या असतात आणि ठरावीक काळाने बदलतात. स्वयंपाकासाठी मोठे अंतर्वक्र आरसे ऊन एकवटतात. सूर्य सरकतो तसे आरसेही सरकायला हवेत, नाहीतर डाळ शिजत नाही. शौचालयं लडाखी पद्धतीची, कोरडी. त्यात पाणी जात नाही आणि तयार होणारं खत शेताच्या उपयोगी पडतं. आजी-पणजीच्या काळापासून चालत आलेली ही रीत इथे मागासलेपणाची खूण म्हणून लपवली जात नाही, तिच्यामागचं शास्त्र अभिमानाने शिकवलं जातं. मला तरी शाळेचं हे काम सर्वांत मोलाचं वाटतं.

सगळ्या जगाचं लक्ष गेलं ते मात्र बर्फाच्या स्तूपाकडे. लडाखच्या शेतकऱ्याची अडचण एप्रिल-मेची. पेरणीला पाणी तेव्हा हवं असतं आणि हिमनद्या भरभरून वितळू लागतात जूनमध्ये. हिवाळ्यात मात्र ओढ्यांचं पाणी उपयोगाविना वाहून जातं. ते गोठवून ठेवण्याचे प्रयोग अभियंते चेवांग नोर्फेल यांनी १९८०च्या दशकातच सुरू केले होते. पण आडवा पसरलेला बर्फ उन्हात लवकर वितळतो, म्हणून त्याला उंचावरची, सावलीची जागा लागते. वांगचुक आणि विद्यार्थ्यांनी बर्फ उभा रचला. शंकूच्या आकारात पाणी भरपूर मावतं आणि उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग त्या मानाने कमी राहतो. उंचावरून नळाने आणलेलं पाणी स्वतःच्याच दाबाने कारंज्यासारखं वर उसळतं आणि खाली पडता पडता गोठतं. पंप नाही, वीज नाही. २०१३-१४च्या हिवाळ्यात सुमारे ६ मीटर उंचीचा पहिला स्तूप झाला, त्यात दीड लाख लिटर पाणी साठलं आणि त्यातला काही बर्फ १८ मेपर्यंत टिकला.

हे काम सोपं मुळीच नाही. रात्री नळातला प्रवाह मंदावला तर पाणी आतच गोठतं आणि नळ चोंदतो. मग कडाक्याच्या थंडीत माणसांना डोंगर चढावा लागतो. पुढच्या हिवाळ्यात लोकवर्गणीतून फ्यांग गावच्या मठाजवळ २.३ किलोमीटर लांबीचा नळ टाकला गेला आणि त्या पाण्यावर तिथल्या उजाड माळावर विलो व पॉप्लरची सुमारे ५,००० रोपं लावली गेली. नंतर गावोगावच्या तरुणांच्या गटांत असे स्तूप उभारण्याच्या स्पर्धाही झाल्या.